चूलबंद आवतण

९ डिसेंबर २०२४, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींनी आज सांगितलं की एक जानेवारीला त्या खोल्या सोडणार आहेत. म्हणून लिहायला बसले आहे. ज्या गोष्टीचं कारण कळत नाही ती कागदावर मांडावी, असं आम्हाला बी.एस्सी.ला शिकवलं होतं. आधी निरीक्षण, मग अनुमान.

निरीक्षण. लातुरातलं आमचं मुलींचं वसतिगृह जुनं आहे. खाली मी, माझे यजमान मन्मथप्पा आणि स्वयंपाकघर. वर बारा मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. पहाटे मी शिट्टी वाजवते. मग आंघोळीला, नाश्त्याला, अभ्यासाला, जेवायला, मोबाईल जमा करायला आणि दिवे मालवायला. शिट्टी पितळी आहे, नांदेडला कॉलेजात एन.सी.सी.त असताना मिळालेली. आवाज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जातो. म्हणजे शिस्तीत काही कमी नाही.

तरी आज जेवणाची शिट्टी दिली तर कोणी उतरलं नाही. दुसरी दिली. तिसरीला अप्पा आले, पण त्यांचं जेवण झालेलं होतं. कानात कापसाचे बोळे. "थंडी लई हाय," म्हणाले. शेवटी ऋतुजा आली. ही मुखेडची, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी, बाकीच्यांची पुढारी. उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"काकू, आम्ही एक तारखेला समोरच्या नव्या होस्टेलात चाललो."

"का?"

"इथं अभ्यास होईना गेलाय."

"का होईना?"

ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, रोजचंच. "होईना, काकू," एवढंच म्हणाली आणि गेली.

पुण्याला सुदर्शनला फोन केला. आमचा एकुलता एक. तो म्हणाला, "बरंच झालं आई. मुली गेल्या की घराला कुलूप लावा. एक तारखेला मी येतो, किल्ल्या माझ्याकडे द्या आणि दोघं इकडे चला." त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते. मागे महिनाभर राहिले होते. तिथे सगळे आपापले उठतात.

म्हणजे मुली राहिल्या पाहिजेत. नाहीतर किल्ल्या द्याव्या लागतील. अनुमान अजून काढता आलेलं नाही.

११ डिसेंबर

कारण सापडलं. दर बुधवारी मी खोल्या तपासते, तेव्हा सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहिल्या. सगळ्यांचे गुण एकाच ठिकाणी गेलेत: पेशी एकमेकींशी कशा बोलतात तो भाग. संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पेशीपर्यंत येतं आणि पेशीला कसं कळतं. क्लासचे सर तो पळवत शिकवतात म्हणे. अभ्यास होत नाही तो यामुळे. इतकं साधं होतं.

मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे, प्रथम वर्ग. हा भाग मी शिकवणार. जेवताना तसं जाहीर केलं. आरतीला ठसका लागला. ही किनवटकडची, हडकुळी, दुसऱ्याच्या नकला करण्यात पटाईत. घाईनं खाते. पाणी दिलं.

अडचण एकच. पुस्तक उघडलं तर मला त्यातलं काही येईना. आमच्या वेळी हार्मोन म्हणजे ग्रंथीचं नाव, हार्मोनचं नाव आणि कमी पडलं तर होणारा रोग. हार्मोन निघालं, काम झालं. ते पेशीच्या आत कसं पोचतं हे सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता वाचते तर बहुतेक हार्मोनं आत जातच नाहीत. पेशीचं आवरण तेलकट, त्यातून त्यांना वाट नाही. ती बाहेरच उभी राहतात आणि आत सगळी उलथापालथ होते. न जाता.

हे चारदा वाचलं. त्या नादात अभ्यासाची शिट्टी राहून गेली. आजवर असं झालं नव्हतं. वरून कोणाची तक्रार मात्र आली नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

नांदेडला जाऊन आले. सिंधु माझ्या वर्गातली, तिथेच प्राणिशास्त्राची प्राध्यापिका होऊन निवृत्त झालेली. दार उघडताच म्हणाली, "कमळे, शिट्टी घालून आलीस व्हय गं? एसटी काय तूच थांबवलीस का?"

मी म्हटलं, चेष्टा पुरे. रिसेप्टर समजावून सांग.

तिनं कांदाभज्यांची ताटली पुढे केली. "तुमच्या गावात आवतण कसं यायचं?"

"माणूस यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, अमक्याच्या घरचं चूलबंद आवतण हाय."

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही.

"घरात यायचा का तो?"

"कुठला. पुढच्या दारी जायचा. त्याला आख्खं गाव फिरायचं असायचं."

"मग आत कोणाला कळायचं?"

"ओसरीवर चुलते बसलेले असायचे. ते ऐकायचे."

"आन् मग?"

मी सांगत गेले. चुलते ओसरीवरून पोराला हाक मारत. पोरगं आत पळे. काकू चुलीतली लाकडं मागे ओढी, आई भिजवलेलं पीठ झाकून ठेवी, कोणी लेकरांची तोंडं धुई, कोणी पेटीतून धोतर काढी. एका माणसाचं एक वाक्य, तेही उंबऱ्याबाहेर, आणि आत वीस माणसं हलायला लागत.

"झालं की," सिंधु म्हणाली. "आवतण देणारा म्हणजे हार्मोन. तुझे चुलते म्हणजे रिसेप्टर. पळणारं पोरगं म्हणजे दुसरा निरोप्या, तुमच्या पुस्तकातलं सायक्लिक एएमपी. यात आणखी काय शिकायचंय?"

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं.

मी विचारलं, "आणि जी हार्मोनं आवरणातून आत जातात ती?"

"ते जावई. थेट देवघरापर्यंत. त्यांचं ऐकणारा माणूस आतच बसलेला असतो."

"आणि एकच हार्मोन काळजाची गती वाढवतं, आतड्याची कमी करतं, ते कसं?"

"आवतण एकच. सोयऱ्याच्या घरी गेलं की ते आहेर शोधतात, भावकीत गेलं की ते कढया घेऊन निघतात. काय करायचं ते आवतणात नसतं, कमळे. ऐकणाऱ्या घरात असतं."

मग तिनं गोळी घेतली. तिला साखरेचा आजार आहे. "इन्सुलिन दारात येतंय रोज," म्हणाली, "पण माझे चुलते बहिरे झालेत." आणि आणखी एक भजं खाल्लं.

परतीच्या एसटीत मला स्वस्थ बसवेना. कंडक्टर घंटी मारतो, स्टिअरिंगला हात लावत नाही, तरी गाडी थांबते. ड्रायव्हरचा कान हा रिसेप्टर. कंडक्टरला तसं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, सुटे द्या." शेजारी एक बाई होती, तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिचं तिकीट माळाकोळीचं होतं, उतरली आधीच, लोह्याला. काही काम आठवलं असावं.

१६ डिसेंबर

पहिला तास स्वयंपाकघरात घेतला. ऋतुजाला दारात उभं केलं, रिसेप्टर म्हणून. तिच्यामागे आरती, जी-प्रोटीन, म्हणजे दारातला निरोप आत पोचवणारं. मग बाकीच्या. नियम असा की जिला निरोप मिळेल तिनं पुढच्या दोघींना द्यायचा आणि निरोप येईल तितक्या वेळा भाकरी टाकायची. मी बाहेरून ऋतुजाला एकच शब्द सांगितला, "भाकरी."

निरोपाचं वाढणं मुलींना उत्तम समजलं. पीठ संपेपर्यंत समजलं. एका शब्दाच्या इतक्या भाकऱ्या झाल्या की अप्पांना सगळ्या गल्लीत वाटत फिरावं लागलं.

नंतर लक्षात आलं की "थांबा" सांगणारं कोणी नेमलंच नव्हतं. पेशीत ते असतं. निरोप्याला मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, नाहीतर एकदा सुरू झालेलं काम थांबणार नाही. मी मुलींना म्हटलं, "सुरू करणाऱ्याइतकंच थांबवणारं महत्त्वाचं."

"हाव," अप्पा दारातून म्हणाले, "लई महत्त्वाचं."

अप्पांना विज्ञानाची आवड आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मुली पीठभरल्या हातांनी तिथेच बसून राहिल्या. एक जण दुसरीला सांगत होती, "तू सायक्लिक एएमपी व्हतीस, मग तुला इतकं हळू कसं पळवलं गं?" मी हसले असं आरतीचं म्हणणं आहे. मला आठवत नाही.

१९ डिसेंबर

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मुलींचं नाटक बसवायचं ठरलं. नाव "पेशीचं आवतण". दरवर्षी येळवशीला सगळं लातूर शेतात जातं आणि मी मुलींना घरीच डबा ठेवते, अभ्यास बुडू नये म्हणून. यंदा आमच्या औशाच्या रस्त्यावरच्या शेतात नेणार. नाटकाला जागा लागते, म्हणून.

हार्मोनचं काम आरतीकडे. ती म्हणाली, "काकू, हार्मोनला आवाज पाहिजे. शिट्टी द्या."

मी म्हटलं, हार्मोनला आवाज नसतो, आकार असतो. कुलपात किल्ली बसावी तसं ते रिसेप्टरमध्ये बसतं.

"आकार लांबून दिसंल का पण? बघणाऱ्याला कळाया नको?"

मुद्दा बरोबर होता. शिट्टी दिली, नाटक होईपर्यंत. आरतीनं ती दोन्ही हातांनी घेतली. वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. मुलींना रंगभूमीचं इतकं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी सातला नेहमीप्रमाणे सुदर्शनला फोन केला. पट्टा न लावता गाडी चालवू नको, पाणी पी, बाहेरचं खाऊ नको, हे सांगायचं असतं. सूनबाईंनी उचलला, तो आंघोळीला गेला होता. सात वाजता तो रोजच आंघोळीला असतो. लहानपणापासून स्वच्छ.

२१ डिसेंबर

आज ऋतुजानं वर्गात एक प्रश्न विचारला. "काकू, हार्मोन सारखं सारखंच येत राहिलं तर? दिवसभर, थांबायचं नावच न्हाई. तर पेशी काय करते?"

बाकीच्या एकदम गप्प. चांगल्या प्रश्नावर वर्ग गप्प होतो, हे मला माहीत आहे.

बाहेर जाऊन सिंधुला फोन लावला. तिनं विचारलं, "कोणी विचारलं हे? तुझ्याच पोरीनं?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

"कामून हसायलीस?"

"काही न्हाई. लिहून घे. हार्मोनचा मारा सारखा चालू राहिला की पेशी आधी ऐकूनही हलत नाही. मग दारातला रिसेप्टर आत ओढून घेते. बाहेरून कितीही बोंबला, दारात कोणी नसतं. हार्मोनला वाटतं आपण कमी पडलो, म्हणून ते आणखी वाढतं. मग पेशी उरलेले रिसेप्टरही आत घेते."

"मग उपाय?"

"हार्मोन कमी कर. थोड्या काळानं चुलते परत ओसरीवर येतात. पण लगेच न्हाई, कमळे. लगेच न्हाई. हे शिकव तू. जोरात शिकव."

जोरात शिकवलं. पेशी बहिरी नसते, ती दमलेली असते, हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "दोष कोणाचा?" असं विचारलं. ऋतुजा ओढणी तोंडात धरून बसली होती, दोघी तिघी जमिनीवर लोळत होत्या. अप्पा उठून गच्चीवर गेले. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे? यावर प्रश्न येईल." नाटकात हा भाग घालायचा असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं.

२३ डिसेंबर

शिट्टी आरतीकडे आहे. पहाटे हाका मारून उठवायला लागले. काल कोणी उठलं नाही, क्लास बुडाला. आज जिन्यात उभी राहून बोलावत राहिले, तर कोणी उठलं नाही आणि माझा घसा गेला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस बोलायचं नाही, कुजबुजही कमी. मी पाटीवर लिहून दाखवलं, "अशक्य." ते म्हणाले, "प्रयत्न करा. घरच्यांनाही बरं वाटेल." घरच्यांची काळजी करणारा डॉक्टर विरळा.

सकाळचा फोनही करता येत नाही.

एक तारीख जवळ आली आणि माझ्याकडे आवाज नाही. घर जाणार असं आज पहिल्यांदा वाटलं. गॅसची शेगडी घासली. मग पुन्हा घासली.

२६ डिसेंबर

विचित्र गोष्ट. आज पहाटे मी काही केलं नाही आणि वरचे दिवे आपोआप लागले. सगळे नाहीत, तीन खोल्यांचे. आरती खाली आली. म्हणाली, "काकू, मी पहिलीपासून आश्रमशाळेत. घंटा झाली की उठायचं. आज उठले तर कोणीच बोलावलेलं नव्हतं. मला वाटलं मेले की काय."

मी पुटपुटले, "चहा?" तिला ऐकू गेलं नाही. ती जवळ आली, अगदी शेगडीपाशी, कान पुढे केला. "काय म्हणलात?"

दिवसभर असंच चाललंय. मी काही म्हटलं की मुली पाच पावलं चालत माझ्याजवळ येतात. ऋतुजा तर भाजी चिरायला बसली. मेथी निवडता निवडता तिनं सांगितलं की मागच्या वर्षी दोन गुणांनी राहिलं, तेव्हापासून गावात कोणी मोठ्यानं हाक मारली तरी छातीत धडधडतं. मला काही बोलता येत नव्हतं, म्हणून मी ऐकलं. हे मला वर्षभरात कळलं नव्हतं. ती उठेपर्यंत मेथीची जुडी केव्हाच संपली होती, आम्ही नुसत्या काड्या निवडत बसलो होतो.

सिंधुला मेसेज केला: रिसेप्टर परत यायला किती दिवस लागतात? तिचं उत्तर: "पेशीचे विचारतेस की पोरींचे?" तिला नीट उत्तर द्यायची सवय कधीच नव्हती.

२८ डिसेंबर

आंबिलीची तयारी. ज्वारीचं पीठ ताकात आंबत घातलं. भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, तूर, वाटाणा, वाल, हरभरा, चिंच, पातीचा कांदा आणला. अप्पा शेतात कडब्याची कोप उभी करून आले. कोप म्हणजे येळवशीची झोपडी, तिच्यात दगडाचे पाच पांडव मांडतात. आरती म्हणाली, कोप हीच आपली पेशी.

मी पाटीवर विचारलं, "एक तारखेचं काय ठरलं?" आरतीनं पाटी वाचली, ऋतुजाकडे बघितलं, मग पाटी उलटी करून भिंतीला लावली. "आधी नाटक, काकू."

३० डिसेंबर, येळवस

शांतपणे लिहायचं म्हणते, पण हात धावतोय.

सकाळी पूजा झाली. अप्पांनी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान घागर, घेऊन पिकाला फेरी मारली, पळसाच्या पानानं आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे, सालन पलगे" म्हणत. हे शब्द कानडीतून आलेत म्हणतात, अर्थ आता कोणाला येत नाही. अप्पा म्हणतात, ज्वारीला येतो. बारा मुली त्यांच्यामागे तेच ओरडत फिरल्या. जेवणं झाली. दोन्ही बांधांवरची माणसं, त्यांचे पाहुणे, रस्त्यानं जाणारे चौघं, सगळे भज्जी खाऊन कोपीसमोर बसले.

ऋतुजा कोपीच्या दारात उभी राहिली, रिसेप्टर. बाकीच्या आत. आणि हार्मोन आलं. त्यानं माझी चौकड्यांची शाल पांघरली होती. माझा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवला होता. पदर कमरेला खोचला होता, डाव्या बाजूला, मी खोचते तसा. गळ्यात शिट्टी.

पहिली शिट्टी झाली. ऋतुजा ताठ उभी राहिली, आत निरोप गेला आणि कोपीतून धपाटे बाहेर आले, बाजरीचे उंडे आले, खिरीचं पातेलं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी शिट्टी, तिसरी. ऋतुजानं जांभई दिली. पाचवीला तिनं कानात कापूस घातला. आठवीला तिनं गोधडी उचलली, रांगत कोपीत शिरली आणि आतून कडब्याची पेंढी ओढून दार बंद केलं.

हार्मोन कोपीभोवती फिरत शिट्ट्या मारत राहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणालं, "दोन मिनिटांत खाली आल्या न्हाईत तर आमटी बंद."

ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी तोंडाला बिंदगं लावलं होतं. त्यातली आंबील केव्हाच संपलेली होती.

तेवढ्यात बांधावरून कोणी तरी घाईघाईनं येताना दिसलं. ऑफिसचा शर्ट, खांद्याला पिशवी. सुदर्शन.

"आई, आठवडा झाला तुझा फोन न्हाई. अप्पा म्हणतात घसा बसलाय. खरं काय झालंय? मला खरं सांग. मी रोज सातला फोन हातात घेऊन बसायलो."

सात वाजता. म्हणजे आंघोळ.

मी बोलायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं कान माझ्या तोंडापाशी आणला. दहावीनंतर तो इतका जवळ बसलेला नाही. मी म्हटलं, "जेवलास का?"

त्याला ऐकू गेलं. तो "न्हाई" म्हणाला आणि डोळे पुसले. कडब्याचं कुसळ गेलं असावं.

मला त्याच जागी दोन गोष्टी कळल्या. एक, मुलींनी केलेलं शास्त्र बिनचूक होतं. दुसरी लिहायची गरज नाही, ती सगळ्या शिवारानं पाहिली.

नाटक चालूच होतं. हार्मोन दमून खाली बसलं. शिट्टी पदरात टाकली. बराच वेळ काही झालं नाही, बघणारे कुजबुजायला लागले. मग कोपीच्या दाराची पेंढी जराशी हलली आणि ऋतुजाचं डोकं बाहेर आलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आरती तिच्याजवळ गेली आणि हळू, इतकं हळू की आम्ही सगळे पुढे झुकलो, म्हणाली, "आवतण हाय."

कोपीतून सगळ्या एकदम बाहेर पडल्या. कोप पडली. पांडव सुखरूप आहेत.

मी हसले. या वेळी मला आठवतंय. आवाज नव्हता, पोट दुखेपर्यंत हसले.

३१ डिसेंबर

सुदर्शन इथेच आहे. किल्ल्यांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. वर सामान हलवल्याचा आवाज दिवसभर येतोय. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. तीनदा.

संध्याकाळी ऋतुजा आली. उंबऱ्याबाहेरच थांबली, आत पाऊल टाकलं नाही. "काकू, उद्या सकाळी वरच्या मजल्याचं चूलबंद आवतण हाय. तुम्ही, अप्पा, दादा."

मी कुजबुजले, "उद्या तर तुम्ही जाणार."

"आवतण दिलंय, काकू," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. आवतण देणारा थांबत नाही.

मी उभी होते तिथूनच हात लांब करून शेगडीचा कॉक बंद केला.

१ जानेवारी २०२५

आम्ही तिघं वर गेलो. बुधवार होता, तरी तपासायला नाही. खिचडी तळाला लागली होती, पापड काळे होते, कढी फुटली होती. एक शब्द बोलले नाही. डॉक्टरांची बंदी आहे.

सवयीनं खाटांखाली नजर गेली. बॅगा होत्या, रिकाम्या. कालचा आवाज खाटा हलवण्याचा होता. मुलींनी खोल्या झाडून काढल्या होत्या. दोघी मात्र सकाळीच समोर राहायला गेल्या. त्यांना लिफ्ट हवी होती आणि त्यांच्या वडिलांनी तिकडे आधीच बोलून ठेवलं होतं. त्या जाताना मी हाक मारली नाही. दहा राहिल्या. पहाटे कसं उठायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं आहे. मला विचारलं नाही. मी कढी वाढून घेतली.

आरतीनं शिट्टी परत दिली. ती मी बराच वेळ हातात धरून बसले. मग सुदर्शन जायला निघाला. हात पुढे करून म्हणाला, "आई, किल्ल्या?" तो हसत होता. तेव्हा खालीलप्रमाणे दिलं. नोंद असावी.

किल्ल्या: दिल्या नाहीत.
शेंगांची चटणी: डबा एक. धपाटे: कागदात गुंडाळून.
शिट्टी: पितळी, एक, चालू स्थितीत. दोरी काढून ठेवली, चष्म्याला लागते.
सकाळी सातचा फोन: यापुढे त्यानं करायचा. सातलाच असं नाही, सवडीनं.

शिट्टी त्यानं खिशात घातली. मी म्हटलं, वाजवून बघ, चालते की नाही. तो म्हणाला, "नको आई, मला अजून ऐकू येते."